वास नसलेली जिन

कुणी माझ्यासमोर बाटली ठेवली की मी आधी तिचं बूच बघते, मग ठेवणाऱ्याचा चेहरा, आणि सगळ्यात शेवटी आतला माल. सगळी नोकरी हॉटेलांच्या बारमागे उभं राहून गेली, त्यामुळे ही खोड आता जायची नाही. श्रीवर्धनच्या बाजारात मासे घेतानाही मी कल्ले उचकटून बघते. कोळीण वैतागते. "ताई, रोजच्या तुमी, तरी अजून इश्वास न्हाय?"

नाही बाई, नाही. काय करू?

हा संशय काही मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. आमचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. बौद्धवाडीत पहिलं पक्कं घर आमचं नव्हतं, पण पुस्तकांचं पहिलं कपाट आमच्याकडे आलं. थोरली बहीण नर्स झाली. मी हॉटेलच्या कोर्सला गेले, कारण जाहिरातीत नोकरीची हमी दिली होती. मुंबईच्या एका हॉटेलात जेवण वाढायला लागले. एकदा बारवरचा माणूस आजारी पडला म्हणून मला तिथे उभं केलं आणि मी तिथलीच झाले.

घरी कळलं तेव्हा वडील काही बोलले नाहीत. आई बोलली. "तुझ्या बापानं तुला शिकवलान् ते लोकांना दारू वतायला?" पुढे कितीतरी वर्षं मी सुट्टीला घरी आले की आई दारातच मला जवळ घ्यायची, गालाला गाल लावायची. त्यात माया होती, आणि थोडी तपासणीही होती. ती माझ्या श्वासाचा वास घेत असे. आम्ही दोघीही ते कळत नसल्यासारखं करत होतो.

मी पीत नाही. चव घ्यावी लागते ती स्ट्रॉच्या टोकावर एक थेंब धरून जिभेवर टेकवायची, आणि चूळ भरायची. ओतणाऱ्याने प्यायला सुरुवात केली की त्याचा हात सैल होतो, आणि मग माप जातं. हे मी आईला पुष्कळदा समजावलं. ती "बरं बरं" म्हणायची आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा गाल लावायची.

बाहेरच्यांना वाटतं, बारटेंडरचं काम म्हणजे बाटल्या हवेत उडवणं. खरं काम म्हणजे समोर काय चाललंय त्यावर लक्ष ठेवणं. एका संध्याकाळी एक गृहस्थ काउंटरवर आले. टेबलावर त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी होती, नव्या नोकरीतली असावी, कारण ती त्यांना सारखं सर सर म्हणत होती. गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, "मॅडमची जरा कडक करा. पण कळता कामा नये. गोड ठेवा."

मी "हो" म्हटलं. दोन ग्लास भरले आणि स्वतः टेबलावर नेऊन ठेवले. मुलीला म्हटलं, "यात नुसतं लिंबू-सोडा आहे. तुमच्यासाठी कडक मागवली होती, लपवून. मी घातली नाही."

मुलगी दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स उचलली आणि निघून गेली. गृहस्थांनी आरडाओरडा केला. मॅनेजरने मला आत बोलावून विचारलं, "तुला काय अधिकार? ग्राहक काय मनात ठेवून बोलला, तुला काय माहीत?" मला बारवरून काढून लग्नांच्या हॉलमध्ये सरबतं वाढायला पाठवलं. तिथे मी बरेच दिवस होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. पण तसा प्रसंग पुन्हा आला तर पुन्हा तेच करीन.

निवृत्त झाल्यावर मी श्रीवर्धनला परत आले. आई तेव्हा गेलेली होती. वाटलं होतं, आता बाटलीशी संबंध संपला. पण हरिहरेश्वरच्या रस्त्याला, दिवेआगरच्या बाजूला, वाड्यांमधून मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले उभे राहिले होते. कुणाला तरी माझ्याबद्दल कळलं, आणि बोलावणी येऊ लागली. "आम्हाला घरच्या घरी चांगलं पेय करायला शिकवा." बहुतेकांना लिंबाची जिनच हवी असते. आपल्याकडचा उकाडा बघता ते बरोबरच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिन म्हणजे धान्याची रंगहीन दारू, जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवर उतरवलेली. बरोबर धणे असतात, संत्र्या-लिंबाच्या साली असतात, आणखी मुळं-बिया असतात. म्हणजे तिचं सगळं मोल वासात आहे. घरी पेय करायला चकचकीत सामान लागत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, चहाची गाळणी आणि बटाट्याचं सोलाणं पुरतं. दोन माप जिन, एक माप ताजा लिंबाचा रस, पाऊण माप साखरेचा पाक. पाक म्हणजे साखर-पाणी सारखं घेऊन नुसतं विरघळवलेलं, तार येऊ द्यायची नाही. चिमटीभर मीठ. डबा बर्फाने भरायचा, कंजूसपणा करायचा नाही, कारण थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. डबा हाताला चटका देईल इतका गार होईपर्यंत हलवायचा. उंच ग्लासात ताज्या बर्फावर गाळायचं, वर सोडा.

मग शेवटची गोष्ट, जी लोक विसरतात. लिंबाच्या किंवा पपनसाच्या सालीची पट्टी काढायची, आतलं पांढरं न घेता, कारण ते कडू. ती पट्टी ग्लासावर धरून पिळायची. सालीतल्या तेलाचा बारीक फवारा उडतो, तो उन्हात धरला तर दिसतो. तो पेयावर बसला की ग्लास तोंडाला लावण्याआधीच पेय प्यायला सुरुवात होते. माणूस जिभेने आंबट-गोड, खारट-कडू एवढंच ओळखतो. बाकी सगळं नाकाचं काम.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण आता सांगणार आहे ती गोष्ट त्यावरच अडली होती.

गुप्ते साहेबांचा फोन आला तो सकाळी. ते जहाजावर चीफ इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर मुंबईचं घर मुलाला देऊन पत्नीसह इकडे येऊन राहिलेले. पाच-सहा वर्षं झाली असतील. सुपारीची छोटी वाडी, मध्ये कौलारू घर. मी त्यांना नावाने ओळखत होते, इतकंच.

"प्रज्ञाताई, एक खासगी काम आहे," ते म्हणाले. "तुम्ही आमच्याकडे लिंबाची जिन शिकवायला येताय असं दाखवायचं. खरं काम वेगळं. माझ्या बाटल्या तपासायच्या."

"काय झालं?"

"कुणीतरी जिन काढून घेतंय आणि पाणी भरतंय. मी लेबलवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. पातळी खाली जात नाही. पण जिनला वासच नाही! नुसतं जळजळतं पाणी. कोण करतंय ते मला ठाऊक आहे. पण तपासल्याशिवाय मी कुणावर आळ घेत नाही."

"कोण?"

"नामा. आमचा गडी. पूर्वीचा दारुडा आहे. खात्री झाली की वाडी सोडायला सांगणार. उज्ज्वलाला यातलं काही बोलू नका, ती त्याला पाठीशी घालते."

मी त्यांना सांगितलं, संशय असलेली बाटली आजच फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी घातलेली जिन फ्रीजरमध्ये भुसभुशीत होते, खडे धरते. अस्सल जिन गोठत नाही, नुसती तेलासारखी दाट होते. मी उद्या दुपारी येईन.

नामदेव मला न्यायला स्कूटरवर आला. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. श्रीवर्धनमध्ये त्याची जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आगरदांड्याच्या जेट्टीवर कामाला होता, दारूपायी काम गेलं, घर विस्कटलं. मग सोडली. उज्ज्वलाताईंनी त्याला वाडीत काम दिलं, मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. तेव्हापासून शिपणं, सुपारी काढणं, सोलणं, सगळं तो आणि त्याची बायको सुनंदा बघत होते. सोडलेली त्याने पुन्हा धरली नव्हती, असं लोक म्हणत होते. साहेबांच्या बाटल्यांवर खुणा पडल्याचं कानोकानी झाल्यापासून मात्र वेगळं म्हणू लागले होते.

स्कूटरवर मागे बसले आणि मी पुढे झुकून त्याच्या श्वासाचा अंदाज घेतला. सवयच ती. घामाचा वास होता, तंबाखूचा होता. दारूचा नव्हता. पण सकाळची दारू दुपारी उतरलेली असते, हेही मला माहीत होतं.

थोडं पुढे गेल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "ताई, तुमी कशाला येताय ता मना ठाव हाय."

"कशाला?"

"बाटल्या बघायला. साहेब कालपासना कपाटाची चावी गळ्यात घालून फिरतात." मग थोडं थांबून म्हणाला, "बघा. नीट बघा. साहेबांचा मी समजू शकतो. पण सुनंदा पण रोज सांजच्याला माझ्या तोंडाचा वास घेते. पोरीचा लगीन ठरतोय. तिकडच्या लोकांच्या कानावर गेला तर काय?"

मला आई आठवली. पण माझ्या धंद्यात आरोपी सगळ्यात जास्त मोकळेपणाने बोलतो, हेही पाहिलेलं होतं.

घरी उज्ज्वलाताई पडवीत लिंबं, पपनस, बर्फ, सगळं मांडून वाट बघत होत्या. हसऱ्या, गोल चेहऱ्याच्या बाई. त्यांना वाटत होतं की मी खरोखर शिकवायलाच आले. मला जरा लाज वाटली. मग ठरवलं, शिकवायचं आहे तर नीट शिकवू. त्या हौसेने शिकत होत्या. डबा हलवताना त्यांच्या बांगड्या वाजत होत्या आणि त्या स्वतःच हसत होत्या. "यांनीच करायचं आणि मी प्यायचं, असं चाललंय आमचं. हल्ली मात्र यांचं बिघडलंय हो. इतकं लिंबू घालतात की दात आंबतात. परवा मीठच मीठ. काही म्हटलं तर म्हणतात, जिनच खराब आहे."

गुप्ते साहेब खुर्चीत बसून माझ्याकडे रोखून बघत होते. उंच, ताठ माणूस. गळ्यात खरंच दोऱ्यात चावी होती.

मी बर्फ आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. फ्रीजरमधली बाटली काढली. जिन तेलासारखी दाट, पण खडा एक नाही. थेंबभर तळहातावर घेतली आणि हात चोळले. पाणी असतं तर हात ओले राहिले असते. इथे जिन क्षणात उडाली आणि मागे वास राहिला, स्वच्छ, धण्याचा, सालींचा. मागोमाग आलेल्या साहेबांनी गळ्यातल्या चावीने कपाट उघडून दुसरी उघडी बाटली दिली. तीही तशीच. मी स्ट्रॉने थेंब घेतला. चांगली जिन होती.

साहेब माझ्यामागेच उभे होते. "काय?"

"जिन ठीक आहे," मी म्हटलं. "दोन्ही."

"ठीक आहे म्हणजे?"

"अस्सल आहे. कुणी काही मिसळलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला माझीच शंका यायला लागली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही त्याच्या बाजूच्या गावच्या ना?"

"कुणाच्या?"

"नामाच्या. तो तुम्हाला घेऊन आला. वाटेत काय बोलणं झालं?"

मला राग आला. तो गिळायची सवय मला बारने लावलेली आहे. म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे सीलबंद बाटली आहे का? जिला नामदेवचा हात लागणं शक्यच नाही अशी?"

होती. मुलाने विमानतळावरून आणलेली, अजून खोक्यातच होती. त्यांनी ती आतल्या खोलीतून स्वतः आणली. आम्ही पडवीत आलो. उज्ज्वलाताईंना आता कळलं की काहीतरी वेगळं चाललंय. त्या ग्लास धरून तशाच बसून राहिल्या. साहेबांनी खोकं फाडलं, सील मी तपासलं, कुठेही धक्का नव्हता. त्यांनी बूच फिरवलं. कडकड आवाज झाला. ग्लासात ओतली, नाकाशी नेली.

त्यांचा चेहरा बदलला. "हीसुद्धा!" ते म्हणाले. "उज्ज्वला, बघ! हीसुद्धा तशीच. सील कसं फोडलं त्याने?"

उज्ज्वलाताईंनी ग्लास घेतला, वास घेतला. "अहो, चांगली आहे की."

"तू त्याचीच बाजू घेणार!"

"घेते! कारण त्याने काही केलेलं नाही!" त्यांचा आवाज चढला. "काय चालवलंय तुम्ही? गळ्यात चावी काय, खुणा काय! मला काय कळत नाही का?"

नामदेव वाडीच्या पायवाटेवर उभा होता. हातात कोयता होता, सुपारीची झावळी अर्धी तोडलेली. तो सगळं ऐकत होता. हलत नव्हता.

मी सील पुन्हा बघितलं. साहेबांकडे बघितलं. दोन तऱ्हेचे लोक मी पाहिले आहेत, एक जे खोटं बोलतात आणि दुसरे जे खोट्यावर मनापासून विश्वास ठेवतात. साहेब खोटं बोलत नव्हते. मग काय? क्षणभर मला वाटलं, त्यांना भ्रम होतोय. पण माणूस ताळ्यावर होता, जहाजाच्या इंजिनाबद्दल बोलावं तसा मुद्देसूद बोलत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धूर आला. सुनंदाने गॅसवर सुके बोंबील भाजायला ठेवले होते, आणि पडवीतलं भांडण ऐकता ऐकता ती विसरली. सुके बोंबील नुसते भाजले तरी शेजारच्या आळीत कळतं. हे तर करपले होते. मी नाकाला पदर लावला. "अगं बाई, बोंबील!" म्हणत उज्ज्वलाताई आत धावल्या. पायवाटेवरून नामदेवने हाक मारली, "सुनंदे, गॅस बंद कर!"

साहेब बसल्या जागी, मान न वळवता म्हणाले, "कुठे चाललीस? मी तुझ्याशी बोलतोय. काय झालं?"

स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांची पाठ होती. धूर त्यांना दिसला नव्हता.

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. पपनसाच्या सालीची पट्टी काढली आणि त्यांच्या नाकासमोर धरून पिळली. फवारा त्यांच्या मिशीवर बसला. त्यांनी अंग मागे घेतलं. "हे काय?"

"वास येतो का, साहेब?"

"कसला?"

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. बोटांत चुरगळली. नाकाला लावली, दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग उठले. मोरीवर गेले, साबण उचलला, हुंगला, ठेवून दिला. स्वयंपाकघरात गेले. दारात मी होते, आत उज्ज्वलाताई आणि सुनंदा करपलेली जाळी नळाखाली धरून उभ्या होत्या. साहेबांनी फळीवरचा हिंगाचा डबा काढला. झाकण उघडलं आणि नाक जवळजवळ आतच घातलं.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "हिंग जुना आहे का गं?"

"नाही हो. कालच फोडलाय."

ते डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्या स्वयंपाकघरात धूर, बोंबील आणि हिंग यांचा इतका वास भरला होता की आम्हा तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उज्ज्वलाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना सगळं उमजलं.

मग एकेक आठवण निघाली. मागच्या महिन्यात गॅसची नळी सुटली होती आणि साहेब शेजारच्या खोलीत शांतपणे वाचत बसले होते, तेव्हा त्या चिडल्या होत्या की लक्ष कुठे असतं. खराब झालेली सुरमई त्यांनी बाजारातून आणली होती, तेव्हा वाटलं होतं कोळणीने फसवलं. चहा फिका लागतो म्हणून दुकानदाराशी भांडण झालं होतं. साहेब प्रत्येक वेळी कुणावर तरी संशय घेत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होतं. चहाला चव नव्हती. जिनला वास नव्हता. मग कुणीतरी काहीतरी केलेलंच असणार.

मुंबईला तीन डॉक्टरांना दाखवून झालं. आधी सर्दीचा, मग नाकाचा, मग मेंदूचा. त्या तिसऱ्या डॉक्टरांनी साहेबांना कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या, खोलीत चालायला लावलं, आणि विचारलं, हल्ली उजवा हात चालताना हलत नाही का? कंपवाताची सुरुवात होती. नाक कधी कधी आधी जातं, हात मागून, असं ते म्हणाले. औषधं सुरू झाली. वेळेत कळलं, हे चांगलं, असंही म्हणाले. उज्ज्वलाताईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. मला वाटतं, त्यांचं रडून झालं होतं.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, तुम्ही ओळखलंत. मी काही ओळखलं नाही. मी नामदेवचा श्वास हुंगत आले होते, आणि बोंबील करपले नसते तर साहेबांना वेड लागलंय असं समजून परत गेले असते.

मुंबईहून आल्यावर साहेबांनी नामदेवला आणि सुनंदाला अंगणात बोलावलं. शेजारच्या वाडीतले दोघे-तिघे मुद्दाम बोलावून घेतले होते. त्यांच्यासमोर साहेब म्हणाले, "नामा, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू काही केलेलं नव्हतंस. मला माफ कर." हे मला सुनंदाने बाजारात सांगितलं. सांगताना ती फार खूश नव्हती.

"आणि नामदेव काय म्हणाला?"

"म्हनला, होऊ द्या साहेब. चालायचाच."

पोरीचं लग्न ठरलं, मोडलं नाही. सुनंदा नवऱ्याच्या तोंडाचा वास घेते का अजून, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

त्यानंतर एका रविवारी उज्ज्वलाताईंनी मला बोलावलं. खरंखुरं शिकवायला, या वेळी काही लपवाछपवी नाही. साहेबांना स्वतः करायचं होतं. हात थोडा थरथरत होता, पण डबा हलवायला थरथर चालते, असं मी म्हटलं आणि ते हसले. मापं त्यांनी लिंबाच्या चवीवर नाही, डोळ्यांनी घेतली. साल पिळताना फवारा उन्हात धरून बघितला. तो दिसला म्हणून समाधान पावले.

नामदेव झाडावरची पपनसं घेऊन पडवीच्या पायरीशी आला. साहेबांनी त्याला हाक मारली. चेहरा उजळला होता. मला वाटतं, हे त्यांनी बरेच दिवस मनात धरलं होतं.

"नामा, इकडे ये. हा ग्लास घे. वास घेऊन सांग, कसा झालाय. आता तूच माझं नाक."

उज्ज्वलाताई कौतुकाने बघत होत्या. मीही. एवढा ताठ माणूस इतकं वाकतोय, मला भरून आलं होतं.

नामदेवने पपनसं पायरीवर ठेवली. लुंगीला हात पुसले. वर चढला नाही.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "दुसरा काय पण सांगा. ग्लासाजवळ माझा तोंड नको."

"अरे, मीच सांगतोय ना तुला!"

"आज तुमी सांगताय."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. पाऊस येईल असं सांगावं तसं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मोटार लावायचीय, मागल्या झाडांना पाणी न्हाय गेला," आणि वाडीत निघून गेला.

साहेब ग्लास हातात धरून बसले. बर्फ वितळायला लागला होता. शेवटी त्यांनी तो उज्ज्वलाताईंपुढे केला. त्यांनी वास घेतला. "छान झालंय हो," म्हणाल्या. माझ्यापुढे केला. मीही वास घेतला आणि म्हटलं, छान झालंय. ते खरंच छान झालं होतं.

साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या चेहऱ्यांवर ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग त्यांनी घोट घेतला.